पलटण म्हणजे किती माणसं?

संपादकांनी विषय सुचवला तो 'फौजी भाषेतल्या गमतीजमती' असा. विषय मी आनंदानं घेतला, पण 'गमतीजमती' हा शब्द मला घेता आला नाही. सैनिकी शब्दांच्या नोंदी करणं हे माझं काम आहे आणि या कामात सर्वांत आडवी येते ती हीच समजूत. दोन निवृत्त जवान एसटी स्टँडवर भेटतात. त्यांच्या बोलण्यात 'टूआयसी', 'लंगर गप', 'शेप वन', 'पार्ट टू' असे शब्द येत राहतात. ऐकणाऱ्याला वाटतं की ही मोडकीतोडकी इंग्रजी आहे, किंवा आपल्याला कळू नये म्हणून केलेला संकेत आहे, नाहीतर जुन्या दिवसांची हौस आहे. माझं म्हणणं असं की फौजी बोली हे एक अवजार आहे. तिच्या प्रत्येक शब्दाला ठरलेलं माप आहे आणि ते माप चुकलं की आधी इतिहास चुकतो, मग माणसांचं नुकसान होतं. हे पटवायला मी एकच शब्द तपशिलात घेणार आहे. थोडं तांत्रिक होईल, पण इलाज नाही.

तो शब्द म्हणजे 'पलटण'. मराठी बातम्यांत आणि भाषांतरित युद्धकथांत प्लाटूनला सर्रास पलटण म्हटलं जातं. उच्चार जवळचा, म्हणून अर्थही तोच धरला जातो. फौजेत मात्र पलटण म्हणजे बटालियन. पायदळाचा हिशेब असा : दहा जवानांचा एक सेक्शन, तीन सेक्शन आणि छोटं मुख्यालय मिळून एक प्लाटून, म्हणजे पस्तीसेक माणसं. तीन प्लाटूनची एक कंपनी. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय सपोर्ट कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी मिळून बटालियन, म्हणजे आठशेच्या आसपास माणसं. प्लाटून सुभेदार, नायब सुभेदार किंवा एखादा तरुण लेफ्टनंट सांभाळतो. पलटणीवर सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर असतो, कर्नल हुद्द्याचा. मराठा लाइट इन्फंट्रीची 'जंगी पलटण' म्हणजे तिची पहिली बटालियन. दुसरीला 'काली पांचवीं' म्हणतात. दुसरी असून नाव पाचवी, कारण मुंबई इलाख्याच्या जुन्या फौजेत तिचा क्रमांक पाचवा होता. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधून तयार होऊन गेलेला जवान 'आमची पलटण' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पस्तीस चेहरे नसतात. तिचं देऊळ, तिचा लंगर म्हणजे सामायिक स्वयंपाकघर, तिचा वर्धापनदिन, तिच्या जुन्या लढाया आणि तिच्यात बापजाद्यांनी केलेली नोकरी, एवढं सगळं त्या शब्दात असतं. भाषांतरकारानं प्लाटूनची पलटण केली की पस्तीस माणसांनी रात्रीत चढून घेतलेली टेकडी वाचकाच्या मनात आठशे माणसांनी घेतलेली होते. त्या पस्तिसांवर हा अन्याय आहे.

यावर आक्षेप येतो तो व्युत्पत्तीचा, आणि तो हलका नाही. प्लाटून या शब्दातले प, ल, ट, न हे वर्ण त्याच क्रमानं पलटणीत उतरलेले दिसतात. बटालियनमध्ये सुरुवातीला ब आहे आणि ट-ल उलटे आहेत. मग शब्द प्लाटूनवरून आला असं का मानू नये? उत्तर दक्षिणेत आहे. युरोपीय पद्धतीनं कवायत केलेलं देशी पायदळ इंग्रज आणि फ्रेंचांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कर्नाटकात, मद्रास किनाऱ्यावर उभं केलं. तमिळमध्ये बटालियनचं 'पट्टाळम्' झालं. तमिळ शब्दाच्या आरंभी ब आणि प असा भेदच नाही, तेव्हा ब चा प होणं अगदी स्वाभाविक होतं. ही पायदळाची रीत तिकडून उत्तरेला गेली, याची खूणही भाषेतच उरली आहे : उत्तर हिंदुस्थानात कवायती शिपायाला बराच काळ 'तेलंगा' म्हणत. ट आणि ल यांची अदलाबदल म्हणाल तर आपण नुकसानाचं 'नुसकान' आणि डेस्कचं 'डेक्स' रोज करतो. १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात यूल आणि बर्नेल यांनीही बटालियनलाच पहिला मान दिला आणि प्लाटूनची थोडी सरमिसळ झाली असावी एवढं मान्य केलं. ती सरमिसळ मलाही मान्य आहे. पण शब्दाचा अर्थ त्याच्या आजोळावरून ठरत नाही, वापरावरून ठरतो, आणि वापराचा पुरावा आपल्याच घरात आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉइन्य या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला चाकरीत घेतलं. त्यानं बांधलेल्या कवायती फौजेच्या एकेका ब्रिगेडला कंपू म्हणत आणि एका कंपूत साधारण दहा पलटणी असत, बरोबर तोफखाना असे. पलटण म्हणजे पस्तीस माणसं धरली तर आख्खा कंपू साडेतीनशेचा होतो. साडेतीनशे माणसांनी १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथल्या लढाया जिंकल्या असं कोणी म्हणणार नाही. याच कंपूचं आपण आज 'आपापला कंपू' करून टाकलं आहे, ते वेगळंच दुखणं.

सामान्य बोलीत हे शब्द असे घसरत गेले आणि फौजेत ते जागेवर राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवकाळात गडाचा हवालदार हा गडावरचा प्रमुख अधिकारी. कंपनी सरकारनं मोठी नावं लहान हुद्द्यांना दिली तेव्हा सुभ्याचा सुभेदार कंपनीतला देशी अधिकारी झाला आणि हवालदार तीन फितींवर आला. त्यानंतर मात्र फौजेनं ही नावं घट्ट धरून ठेवली. बाहेर 'शिपाई' कचेरीत चहा आणू लागला आणि 'जमादार' हा शब्द इतका खाली गेला की १९६५ मध्ये फौजेला त्या हुद्द्याचं नाव बदलून नायब सुभेदार करावं लागलं. फौजेत आजही अधिकारी सुभेदाराला 'साब' म्हणूनच हाक मारतो. तो 'साब' आणि अधिकाऱ्याला उद्देशून म्हटलेला 'सर' या दोन शब्दांत हुद्द्याची आणि आदराची जी बारीक वाटणी आहे, ती कोणत्याही शासकीय परिभाषेत सापडायची नाही.

'अपभ्रंश' हा शब्द तर मी या शब्दांसाठी वापरणंच सोडलं आहे. ब्रिटिश अमदानीतला पहारेकरी अंधारात पाऊल वाजलं की इंग्रजीत 'हू कम्स देअर' असं दरडावी. देशी शिपायानं त्याचं 'हुकुमदार' केलं. ऐकायला ही चूक वाटते, पण नीट पाहा : अर्थ न लागणारे तीन परके शब्द त्यानं मोडून एक केले, आणि तो एक शब्द असा घडवला की त्यात हुकूमही आहे आणि तो बजावणाराही आहे. ज्याच्या हातात बंदूक आहे आणि ज्याला क्षणात निर्णय घ्यायचा आहे, त्याच्या तोंडात अडखळणारा शब्द चालत नाही. ॲडज्युटंटचा 'अजिटन' झाला, सेंट्रीचा 'संतरी', ऑर्डर्लीचा 'अर्दली'. जोडाक्षर फोडायचं, शेवटचं व्यंजन सोपं करायचं, शब्द आपल्या भाषेच्या वजनावर आणायचा, हे नियम सगळीकडे तेच आहेत. नियमानं होणाऱ्या गोष्टीला मोडतोड म्हणत नाहीत. आणि देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. गाडीखाली शिरताना जवान जी 'डांगरी' चढवतो, तिचं इंग्रजी नाव मुंबईच्या डोंगरीत विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून पडलं. डोंगरीचा शब्द विलायतेला जाऊन फौजेच्या भांडारातून घरी परतला.

देवळालीचंही तसंच. ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलाली टॅप' म्हणत, आणि पुढे 'डूलाली' इंग्रजीत रूढच झाला. देवळालीत वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, असं नाशिककडेही सांगितलं जातं. खरं कारण साधं आणि जास्त करुण आहे. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत राहत. सैन्याची जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे चुकलेल्याला महिनेन्‌महिने थांबावं लागे. काम नाही, लढाई नाही, घर दिसत नाही. रॉयल वेल्श फ्युसिलियर्सचा साधा शिपाई फ्रँक रिचर्ड्स यानं १९३६ च्या आपल्या आठवणींत या शब्दाचा उगम छावणीतल्या त्या कंटाळ्याशीच जोडला आहे. आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप. दोन्ही शब्द आपले, पण त्यांचा अर्थ लिहून ठेवला ब्रिटिशांनी. पहिलं महायुद्ध संपून सात वर्षं होत नाहीत तोच फ्रेझर आणि गिबन्स यांचा सैनिकी शब्दांचा कोश १९२५ मध्ये छापून आला. १९३० मध्ये ब्रोफी आणि पार्ट्रिज यांचा आला. आपल्या 'विलायती'वरून झालेला 'ब्लायटी', पट्टीवरून 'पटी', चिठ्ठीवरून 'चिट' हे शब्द इंग्रजीनं सांभाळले. अपशिंगे मिलिटरी आणि सैनिक टाकळी अशी नावं मिरवणारी गावं आपल्याकडे असताना त्या गावांच्या तोंडचे शब्द विखुरलेलेच राहिले, याचा सल मला आहे.

आता गुप्ततेचा आक्षेप. फौजेचे शब्द उघड्यावर मांडणं धोक्याचं नाही का, असं पुष्कळजण कळकळीनं विचारतात. संकेत आणि बोली यांत फरक करायला हवा. संकेत लपवण्यासाठी असतो. १९१५ मध्ये फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांनी घरच्या पत्रांत स्वतःला काळी मिरी आणि गोऱ्या सैनिकांना लाल मिरची म्हटलं आणि कोणती किती संपली ते कळवलं. तो खरा संकेत होता, आणि सेन्सॉरनं तो लगेच ओळखला. बोलीचा हेतू नेमका उलटा असतो, ऐकणाऱ्याला चुकूनही दुसरं काही ऐकू येऊ नये हा. बिनतारीवर बी, डी, पी, टी ही अक्षरं खरखरीत एकसारखी ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो. म्हणूनच माणूस जन्मभर सांगतो की मी चार्ली कंपनीचा. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, तू बोल. 'आऊट' म्हणजे संभाषण संपलं, उत्तर नको. चित्रपटांत नायक 'ओव्हर अँड आऊट' म्हणतो तेव्हा तो एकाच दमात 'बोल' आणि 'बोलू नकोस' म्हणत असतो. प्रत्यक्षात अशा गोंधळानं तोफेचा गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो, म्हणून मी या चुकीला क्षुल्लक म्हणत नाही.

काही अभ्यासकांना आद्याक्षरं शब्द म्हणून मान्यच नाहीत. 'शेप' पाहा. जवानाची वैद्यकीय प्रत ठरवताना पाच गोष्टी पाहतात : एस म्हणजे मानसिक स्थिती, एच म्हणजे श्रवण, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे शारीरिक क्षमता आणि ई म्हणजे दृष्टी. पाचही उत्तम असतील तर 'शेप वन'. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी, गुडघे धरलेले असताना कोणी प्रकृती विचारली तर माजी सैनिक म्हणतो, 'एकदम शेप वन'. जो शब्द तपासणीच्या कागदावरून उठून माणसाच्या स्वाभिमानात जाऊन बसतो, त्याला शब्द नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? सेवेत असताना या शब्दांनी काम होतं. निवृत्तीनंतर त्यांनीच ओळख पटते. हे शब्द बाहेरच्याला बाहेर ठेवतात, हा आरोप मात्र मी खोडत नाही. तो खरा आहे, आणि त्याची झळ सर्वांत आधी घरच्या बाईला लागते.

जवानाचं लग्न होतं, मूल होतं, तेव्हा युनिटमध्ये 'पार्ट टू ऑर्डर' निघावी लागते. त्या कागदावर अशा प्रत्येक बदलाला 'कॅज्युअल्टी' म्हणतात, मग ती रजा असो, बढती असो की विवाह. मराठी बाईनं हा शब्द टीव्हीवर मृत आणि जखमींसाठीच ऐकलेला असतो. आपल्याकडे लग्नात पुष्कळदा मुलीचं नावही बदलतं. पार्ट टू माहेरच्या नावानं निघालेली, आधार सासरच्या नावाचं, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तिसरंच काही. नवरा हयात असेपर्यंत हे कोणाला टोचत नाही, कारण कागद तो वाचतो आणि शब्द त्याचे असतात. तो गेल्यावर ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाते आणि तिला विचारलं जातं, एनओके (जवळचा नातलग) कोण, पार्ट टू झाली होती का, स्पर्शवर (पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर) नोंद आहे का. नवऱ्याच्या तोंडून तीस वर्षं ऐकलेल्या या शब्दांचा अर्थ तिला कोणी सांगितलेला नसतो. म्हणून कोशाचं काम मी पलटणीपाशी थांबवलं नाही, जरी जीव तिथेच जास्त रमतो. सध्या टेबलावर असलेली नोंद अशी आहे : 'पार्ट टू ऑर्डर – स्त्री. जवानाच्या घरात किंवा नोकरीत झालेला बदल (विवाह, अपत्यजन्म, रजा, बढती) सेवापुस्तकात चढवणारा युनिटचा लेखी आदेश. पत्नीचं नाव, जन्मतारीख यात कशी लिहिली आहे ते पती सेवेत असतानाच पाहून घ्यावं. प्रत घरी ठेवावी.'