प्रस्थानापूर्वीची डागडुजी

आषाढात गोराईच्या खाडीकाठी ओढून ठेवलेल्या लाकडी होड्यांच्या फळ्यांमधले सांधे कापसाने नि राळेने भरण्याचे, म्हणजे कलाफतीचे, काम चाललेले असते. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी सज्ज झाली पाहिजे, ही कोळीवाड्याची मुदत कोणत्याही दप्तरातल्या हुकुमाहून जुनी आहे. ते काम पाहताना मला एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दर्यावर्दींचे स्मरण होते.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही बत्तीस फुटी सागवानी नौका आपल्या मुंबईतच बांधलेली. १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघून ते कोठेही न थांबता, ३१२ दिवसांनी, तेथेच परतले. पण अटलांटिकमध्ये असतानाच तळाच्या सांध्यातून पाणी शिरू लागले, तेव्हा त्यांनी बुडी मारून तो सांधा कापसाने भरला आणि वर कॅनव्हास व तांब्याची पट्टी बसविली. गोराईच्या कारागिराला हे काम ओळखीचे वाटेल. भर समुद्रात, पाण्याखाली आणि एकट्याने ते करणे मात्र त्यालाही विस्मयकारक वाटेल.

व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या ‘सागर परिक्रमा’ या, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या, संकल्पनेचा भार कमांडर दिलीप दोंदे यांनी स्वीकारला, तेव्हा ते याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकावयास गेले. आणि गोव्याच्या मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी नौका आकार घेऊ लागली, तेव्हा तिची घडण दोंदे यांनी जवळून पाहिली. मला हे त्या योजनेचे सर्वांत शहाणे अंग वाटते. कारण ज्याला तांडेल, खलाशी, सुतार आणि आचारी ही सारी कामे एकट्याने करावयाची, त्याला नौकेचा प्रत्येक सांधा स्वतःच्या अस्थींइतका परिचित हवा.

कालनिर्णय मात्र माणसाच्या स्वाधीन नसतो. केप हॉर्न दक्षिणेकडील उन्हाळ्यातच ओलांडावे लागते आणि मुंबईचे बंदर पावसाळ्यापूर्वी गाठावे लागते. या दोन टोकांच्या मध्ये फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन हे चार मुक्काम, शिधा, पाणी, शिडे, दोरखंड यांचा सारा हिशेब बसवावा लागतो. म्हणूनच दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी, गणेशचतुर्थी चार दिवसांवर आलेली असताना, पावसाळी समुद्रातच निघाले, आणि मे २०१० मध्ये, मोसमी वारे येण्यापूर्वी, परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले.

त्या सफरीत किनाऱ्यावरून त्यांना साहाय्य करणारे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच ‘म्हादेई’वर, वाटेत कोठेही न थांबण्याच्या निर्धाराने, मुंबईहून निघाले. ज्याला वाटेत बंदर नाही त्याची सारी दुरुस्ती एक तर प्रस्थानापूर्वी व्हावयाची, नाहीतर त्याच्याच दोन हातांनी.