साहेब एकटाच रंगवत होता का?

परवा नातीला म्हटले, जरा अजिंठा दाखव गं. तिने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचा संग्रह लॅपटॉपवर उघडून दिला आणि मी दोन तास जागची हलले नाही! बारा लाखांहून जास्त वस्तूंच्या नोंदी आहेत तिथे. फी नाही, नावनोंदणी नाही. कुणीही शोधावे, कुणीही बघावे.

त्यात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती आहेत, कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या. प्रत्येकीला क्रमांक, मोजमाप, कुठल्या लेण्यातली ते. पहिल्या लेण्याच्या छतावरची नक्षी तिथल्या अंधारात मान दुखेपर्यंत वर बघूनही नीट दिसत नाही. इथे ती खुर्चीत बसून मोठी करून बघितली.

आधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून प्रती केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा हे काम करवले. सुमारे ३०० कॅनव्हास झाले, तर १८८५ मध्ये त्यातलेही बरेच आगीत सापडले! लेण्यांतले रंग झडत आलेले, त्यामुळे उरलेल्या प्रती अभ्यासकांना फार मोलाच्या.

पण मी थबकले ते एका शब्दापाशी. ग्रिफिथ्सबरोबर 'विद्यार्थी'. म्हणजे आपल्या मुंबईच्या कलाशाळेतली मुले! पुढे नावाजलेले चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक.

आणि एकदम शाळेची एक जुनी सहल आठवली. मी ऐटीत सांगत होते, "साहेबाने इथे राहून या चित्रांच्या प्रती केल्या." मागून एक बारीकसा मुलगा म्हणाला, "बाई, साहेब एकटाच रंगवत होता का?"

मी म्हटले, "परीक्षेला नाही ते. चला पुढे."

सगळी मुले हसली. तो गप्प झाला. त्यानंतर सहलभर त्याने काही विचारले नाही.

प्रश्न किती बरोबर होता त्याचा! तेव्हा आमच्या गावात असली माहिती कुठे मिळणार, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण "मला माहीत नाही रे, शोधू या आपण" एवढे म्हणायला कॉम्प्युटर कशाला लागतो?

असो. कुणी अजिंठ्याला निघाला असाल तर आधी घरी बसून हे जरूर बघा. आणि हो, जुन्या इंग्रजी ग्रंथांत शोधताना अजिंठ्याच्या स्पेलिंगमध्ये मधल्या 'ए'च्या जागी 'यू' घालून बघा, आणखी पुष्कळ सापडते.

बरोबर मुले असतील तर त्यांना विचारू द्या. तो मुलगा आता पन्नाशीच्या पुढे गेला असेल. भेटला तर सांगेन, "नाही रे बाळा, एकटा नव्हता."