सहा पगारपत्रके

आमच्या वडिलांनी नगर जिल्ह्यातले गाव सोडून सोलापूरच्या गिरणीत नोकरी धरली, तेव्हा आई काही महिने गावीच राहिली होती. चाळीत खोली मिळाली आणि वडील तिला घेऊन आले. पगार किती, शिल्लक किती, असे त्यांना कोणी विचारले नाही. विचारले असते, तर आम्हां भावंडांचा जन्म कोठे झाला असता कोण जाणे!

हे आठवण्याचे कारण माझी भाची. ती कुंभारीला राहते आणि एका रुग्णालयात परिचारिका आहे. 2023 च्या नाताळच्या आठवड्यात तिचा विवाह झाला. जावई मूळचे गोव्याचे. आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, म्हणजे 1961 पूर्वीचा. त्या आधारावर घरच्यांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले आणि ते इंग्लंडमध्ये स्विंडनला स्थायिक झाले. त्या शहरात गोवेकर पुष्कळ. जावई तेथे एका गोदामात कामाला आहेत. 2020 संपण्यापूर्वी लग्न झाले असते, तर तिला उत्पन्नाच्या अटीविना जाता आले असते. पण तेव्हा दोघांची ओळखही नव्हती.

पती किंवा पत्नीला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न किमान 18,600 पौंड असावे, असा तेथे 2012 पासून नियम होता. जावयांचे उत्पन्न होते 26,000. आम्ही निर्धास्त होतो. अर्जाचे शुल्क आणि आरोग्य अधिभार मिळून सुमारे पाच हजार पौंड लागणार होते. ते साठेपर्यंत थांबावे, असे ठरले. तेवढ्यात 11 एप्रिल 2024 रोजी ती मर्यादा 29,000 वर गेली. घोषणा डिसेंबरातच झाली होती; लग्नाच्या गडबडीत माझ्या लक्षात आले नाही. आणि थांबण्याचा सल्ला माझाच होता.

मग वही घेऊन बसलो. उत्पन्नात तूट असेल तर ती शिलकीने भरून काढता येते. पण त्याचे गणित विलक्षण आहे. तुटीची अडीच पट, आणि वर 16,000. म्हणजे तीन हजारांच्या तुटीसाठी 23,500 पौंड, आपले जवळजवळ पंचवीस लाख रुपये, सहा महिने खात्यात पडून हवेत! कर्ज काढलेले चालत नाही. सासऱ्यांची हमी चालत नाही. भाची इथे रात्रपाळ्या करून जे मिळवते, तेही हिशेबात शून्य. त्या शून्यापाशी मी बराच वेळ थांबलो.

देणगी मात्र चालते. हे कळताच मेहुण्यांनी दीड एकर विकायला काढली. कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांची घरे झाल्यापासून जमिनीला गिऱ्हाईक आहेच. भाची मला म्हणाली, “मामा, तुम्ही बाबांना सांगा. जमीन गेली तर मी जाणार नाही.” मी सांगितले. मेहुणे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमच्या फादरांनी एकदा दाखवले होते की, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कुटुंबविषयक 1981 च्या पत्रात, कुटुंबाने एकत्र स्थलांतर करण्याचा हक्क स्पष्ट नोंदवला आहे. मी ते भाचीला सांगितले. ती हसली. “व्हिसाच्या अर्जात त्याचा रकाना नाही, मामा.”

शेवटी जावयांनी कायमची रात्रपाळी मागून घेतली. तिला दर अधिक. वर्षाचे 29,400 होऊ लागले. मात्र सहा महिन्यांची पगारपत्रके हवीत आणि बँकेच्या उताऱ्याशी त्यांचा मेळ बसायला हवा. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. फेब्रुवारीत ते तापाने आजारी पडले आणि तरीही कामावर गेले. हे त्यांनी आम्हांला एप्रिलमध्ये सांगितले.

त्या हिवाळ्यात ते सकाळी साडेसहाला घरी पोहोचत, तेव्हा कुंभारीत दुपारचे बारा वाजलेले असत. भाचीही रात्रीची ड्यूटी करून झोपलेली असे. ती गजर लावून उठे. दहा मिनिटे बोलणे होई आणि मग दोघेही आपापल्या घरी पडदे ओढून झोपत.

सहावे पगारपत्रक आले, तेव्हा तिने ते छापून माझ्याकडे आणले. मी चष्मा लावून बेरीज केली, मग पुन्हा केली. अर्ज त्याच आठवड्यात गेला.