खंड्याचा हिवाळा, घणसोलीतला

आज कांद्यावर नाही, कुत्र्यावर लिहितोय. हसू नका. आपल्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की कुत्रा हा शेतीचाच विषय होतो.

कारण तुम्हाला माहीत आहे. कुकडीचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला वर्षभर लपायला जागा झाली. तोड लागली की फड मोकळे होतात, मग तो एका फडातून दुसऱ्या फडात सरकतो, तेही वस्तीला खेटून. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं. वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचं निघालं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा यापेक्षा खूप कमी, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रा मोकळा. राखण करणाराच पहिला जातो, असा हा हिशेब.

कार्तिकात आमचा मोत्या ओट्यावरून गेला. आवाजसुद्धा आला नाही. राहिला खंड्या, पाच वर्षांचा. गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारायची आहे, पण त्याचे पैसे कांदा विकल्यावर येणार. तोवर खंड्याला ठेवायचं कुठं? दादा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे, घर घणसोलीत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तो म्हणाला, "आण इकडं, फाल्गुनापर्यंत बघू." पिकअपमध्ये मागे गोण्या, पुढे माझ्या पायाशी खंड्या, असा माळशेज उतरून आलो.

नवी मुंबईची थंडी आपल्या मानाने थंडीच नव्हे. पण हिवाळ्यात तिथं सकाळी धूर-धुळीचं धुकं खाली बसून राहतं, नऊ-दहापर्यंत हटत नाही. शिवाय याच दिवसांत गल्लोगल्ली कुत्र्या व्यालेल्या असतात, परका कुत्रा दिसला की अंगावर येतात. त्यामुळे बाहेर फिरणं सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, तेही दोरीवर. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र दोन खोल्यांत. ज्या जनावराने तीन एकर आपले मानले, त्याने फरशीवर करायचं काय?

पहिल्या आठवड्यात त्याने केलं ते एवढंच: जिन्यात चप्पल वाजली की भुंकणं. दिवसा चालून गेलं. पण खालच्या मजल्यावरचे काका माथाडीच, पहाटे साडेतीनला उठून मार्केट गाठणारे. ते आले, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, पाठीवर पोती घ्यायची असतात, झोप लागते." सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांत आहे. पण कष्टकऱ्याच्या झोपेपुढं तो कागद काय दाखवायचा? पंधरा दिवसांत भुंकणं थांबलं नाही तर खंड्या परत गावी, हे दादाने आणि मी तिथंच ठरवलं. परत गावी म्हणजे कुठं, ते दोघांनाही कळत होतं.

शहरात सगळे सांगतात, कुत्र्याला पळवून थकवा. पण नुसतं पळवलं तर त्याचा दम वाढतो, आज दोन फेऱ्यांत थकणारा महिन्याने चार मागतो. म्हणून मी वेगळा हिशेब मांडला. शेतावर खंड्या दिवसभर करतो काय? पळतो थोडाच. बांधाने हुंगत जातो, घुशीचं बीळ उकरतो, पाटाच्या कडेला कोण येऊन गेलं ते वासावरून तपासतो, मग कान टवकारून बसतो. त्याचं काम पायाचं कमी, नाकाचं आणि कानाचं जास्त. बैल दावणीला नुसता उभा राहिला की दाव्याशी खेळायला लागतो, मारका होतो, तसंच हे. त्याला काम पाहिजे होतं, ते घरात तयार केलं. वहिनी आणि पुतणीने रोज केलं, मी दर पंधरवड्याला कांदा घेऊन गेलो की बघत होतो. टिपणं अशी:

१. ताटलीत जेवण बंद. त्याच्या रोजच्या भाकरीचे बारीक तुकडे करून गोणपाटाच्या घड्यांत लपवायचे, "शोध" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. पहिल्या दिवशी चार मिनिटांत संपवलं. मग गोणपाट गुंडाळी करून, खोक्यात घालून, खोकं खाटेखाली सारून अवघड करत गेलो. पंधरा मिनिटं हुंगल्यावर तो जसा आडवा होतो, तसा अर्धा तास चालूनही होत नाही. तुकडे रोजच्या खाण्यातलेच घ्यायचे, वरचे नाहीत, नाहीतर बसून बसून चरबी चढते.

२. दर खेपेला गावाकडून एका पिशवीत गोठ्यातलं वाळलं वैरण, मूठभर पाचट आणि गायीच्या गळ्यातली जुनी दोरी आणली. तिन्ही गोष्टी घरात तीन ठिकाणी ठेवायच्या. वीस मिनिटं तो फक्त वास वाचत बसतो. पेपर आल्यासारखं. आणताना पाचटात गोचीड नाही ना, हे झटकून बघायचं.

३. पुतणी दाराआड लपते आणि एकदाच हाक मारते. शोधून काढलं की शाबासकी. नंतर माणसाऐवजी वस्तू: तिची वही, दादाची टोपी. आठ दिवसांत वही आणि टोपी यांची नावं त्याला कळायला लागली. दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं, त्याला कंटाळा यायच्या आत थांबायचं.

४. पहारा. हे सगळ्यात महत्त्वाचं. भुंकला की ओरडायचं नाही, त्याला वाटतं आपणही भुंकतोय. वहिनी उठते, दारापाशी जाते, बघते, "बघितलं, बास" म्हणते आणि त्याला त्याच्या गोणपाटावर नेऊन बसवते. गप्प बसला की एक तुकडा. राखणदाराने वर्दी दिली, मालकाने घेतली, काम पूर्ण झालं. शिवाय रात्री दहाला शेवटचा शोध-खेळ. गावाकडं तो दिवसा झोपून रात्री जागायचा, तो फेरा असा हळूहळू उलटवला.

५. चघळायला जुन्या कासऱ्याची जाड गाठ. शिजवलेलं हाड नाही, त्याच्या कपच्या होऊन घशात-आतड्यात रुततात.

आता सावधगिरी, आणि हे आपण कांदेवाले म्हणून नीट वाचा. कांदा आणि लसूण कुत्र्याला विष आहे, कच्चा असो की भाजीतला. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून खेळाला कांद्याची गोणी वापरू नका, धान्याची धुऊन घ्या. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंडाला घातक, चॉकलेटही नाही. खोक्याच्या पिना आणि प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढा. गुळगुळीत फरशीवर वळताना पाय घसरून सांधे दुखावतात, म्हणून त्याच्या वाटेवर गोणपाट अंथरा. मातीत झिजणारी नखं फरशीवर झिजत नाहीत, दर पंधरवड्याला बघा. रेबीजची लस आणि तिचा दाखला जवळ पाहिजेच.

पुतणीने कॅलेंडरच्या चौकटीत रात्रीच्या भुंकण्याच्या रेघा मारल्या. सुरुवातीला एका रात्रीत अकरा-बारा होत्या. ठरलेले पंधरा दिवस संपले तेव्हा तीन-चार. मार्गशीर्ष सरता सरता एक किंवा एकही नाही. मागच्या खेपेला खालच्या काकांनी जिन्यात खंड्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला कांद्याचा भाव विचारला. यात काय ते आलं.

सगळं जमलं असं म्हणत नाही. ठाणे खाडीच्या कांदळवनात कोल्हे आहेत. एखाद्या रात्री कोल्हेकुई ऐकू आली की खंड्या उठून खिडकीशी उभा राहतो, मानेवरचे केस ताठ. तेव्हा तुकडा दाखवला तरी वळून बघत नाही. वहिनी म्हणते, "उभं राहू दे भावजी, ते त्याचं खरं काम आहे." मलाही पटतं. दोन खोल्यांत आपण त्याला देतो ते कामासारखं काम. हिवाळा काढायला पुरतं, जन्म काढायला नाही.

म्हणून जाळीचं ठरलंय. या कांद्याच्या पट्टीतून पहिला खर्च तोच: गोठ्याला वरूनही जाळी, आणि आत खंड्याची जागा गायीच्या शेजारी. गळ्यात धनगरांच्या कुत्र्यांसारखा खिळ्यांचा पट्टा. रात्री तो आतून भुंकेल, बाहेर फिरणार नाही. शेळी कोंडतो तसा कुत्राही कोंडायचा, हे त्या ३९ टक्क्यांतून मी घेतलं.

ज्यांच्याकडे आत्ता तोड चालू आहे त्यांनी कुत्रा रात्री ओट्यावर बांधू नका. बांधलेल्याला पळताही येत नाही. कोंडायला जागा नसेल तर पडवीला दार लावा, आणि दिवसा त्याला वरचा शोध-खेळ द्या, म्हणजे रात्री कोंडलेला धिंगाणा घालणार नाही. जाळी कुणी मारली असेल तर किती गेजची घेतली आणि फुटाला काय पडलं ते खाली लिहा. मला पौष संपायच्या आत घ्यायची आहे.