दुसऱ्याच्या दारची तुळस

बावीस वर्षं मी एक मत बाळगून होते. घरात, शाळेच्या शिक्षकखोलीत, लग्नाच्या पंगतीत, कुणी विचारो न विचारो, ते ऐकवतही होते. समुद्रावर सुट्टीला गेलं की समुद्रावरच बसावं, गावात हिंडू नये. गल्ल्याच बघायच्या तर कोल्हापुरात मंगळवार पेठ आहे, शुक्रवार पेठ आहे, त्यासाठी घाट उतरून जायचं कशाला?

आमचा गोवा ठरलेला असे. आजरा, आंबोली, सावंतवाडी, म्हापसा आणि तिथून थेट कळंगुट. तीन रात्री तिथे पाय पसरायचे आणि आल्या वाटेने परत. पणजी म्हणजे माझ्या लेखी कदंबचं स्टँड. एकदा परतीची गाडी तिथून मिळाली म्हणून दीड तास बसले होते, तेवढीच ओळख.

या हट्टामागे तत्त्व वगैरे नव्हतं, हे आधीच कबूल करते. होती ती दमणूक. सकाळी डबे, मग शाळा, मग शिकवण्या, रात्री ओटा. सुट्टीत कुणी "हे बघायचंय, ते बघायचंय" म्हणून यादी काढली की मला ती पुन्हा कामाचीच यादी वाटायची. जयपूरला आमच्या ह्यांनी तीन दिवसांत पाच किल्ले-महाल दाखवले होते. पायाला सूज घेऊन आले आणि त्याच दिवशी ठरवलं, यापुढे सुट्टीत चालायचं नाही. त्यात मी इतिहासाची बाई. वर्गात चोवीस वर्षं सनावळ्या घोकून घेतल्या होत्या, सुट्टीत भिंतीवरची पाटीसुद्धा वाचायची नाही असा माझा बाणा. बस पत्रादेवीला पोचली की खिडकीतून हुतात्मा स्मारक दिसायचं. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, हे मी दर वर्षी शिकवते. पण त्या जागेवरून जाताना मी पिशव्या मोजत असायची.

मत बदललं ते काही विचार करून नाही. खोली गेली म्हणून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी मी आणि लेक अशा दोघीच निघालो. ह्यांचा गुडघा दुखत होता. कार्तिकी दशमीला दुपारी कळंगुटला पोचलो, तर आधी पैसे भरलेली खोली दुसऱ्यालाच दिलेली. तिथे काय बोलाचाली झाली ती लिहीत नाही, माझी भाषा त्या वेळी शिक्षिकेची नव्हती. लेकीने अर्धा तास फोनवर घालवला आणि म्हणाली, "आई, पणजीत मळ्यात एका घराची माडी मिळतेय. समुद्र लांब नाही, मिरामारला बस जाते." मी तोंड फुगवून गाडीत बसले ते पणजी येईपर्यंत तसंच ठेवलं.

मळा आणि फोन्ताइन्हास हे पणजीतले एकमेकांना खेटून असलेले दोन भाग. एका अंगाला आल्तिन्योची टेकडी, दुसऱ्या अंगाला खाडी. पर्यटक ओळखतात ते फोन्ताइन्हासला, रंगीत घरांमुळे. मोझांबिकमध्ये पैसा करून आलेल्या एका गोंयकाराचं इथे अठराव्या शतकाच्या अखेरीस माडांचं भाट होतं. लोक त्याला 'मोसमीकर' म्हणत. जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून व्हाइसरॉय १७५९ साली पणजीला राहायला आला आणि १८४३ मध्ये राजधानीही रीतसर इथे झाली. मग अधिकारी-कारकुनांना घरं हवी झाली आणि माडांच्या जागी गल्ल्या आल्या. टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, फोन्ताइन्हास हे नाव त्यावरूनच पडलं. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की माडीचा जिना उभा आहे आणि खिडकीतून समुद्र दिसत नाही.

संध्याकाळी लेकीने मला मिरामारला नेलं. सुरूची झाडं, मऊ वाळू, समोर मांडवीचं मुख आणि पलीकडे आग्वादचा किल्ला. मी चपला काढून बसले, म्हटलं आता डोकं रिकामं होईल. इथे मला खरं सांगायला हवं. ते रिकामं झालं नाही. गेल्या बावीस वर्षांत कधीच झालं नव्हतं. लोकांना मात्र मी सांगत आले, "अगं, समुद्राकडे बघत बसलं की सगळं विसरायला होतं." वाळूवर बसल्या बसल्या मी मनातल्या मनात काय करत असते, सांगू? सहामाहीचे पेपर तपासायचे राहिलेत, सिलिंडर लावला पाहिजे, सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्यात, द्वादशीला तुळशीचं लग्न आहे आणि ऊस सांगितलेला नाही. लाटेला मध्ये बोलायची सवय नाही. त्यामुळे घर जास्तच मोठ्याने बोलतं. एवढी साधी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा कधी कबूल केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सहाच्या सुमारास खाली भोंगा वाजला, पों पों. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर टोपली बांधून आला होता. मी खिडकीत उभी राहिले. समोरच्या घरातून एक बाई गाऊनवर टॉवेल टाकून आली, पोळी दाबून बघितली, एक परत केली, दुसरी घेतली. (तिथे पोळी म्हणजे कोंडा लावलेला पाव. आपली पोळी मागाल तर फसाल.) शेजारच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, एक म्हातारा पाय वर घेऊन पेपर वाचत होता. कुणाच्या तरी मुलाचा एक बूट सापडत नव्हता आणि त्याची आई घरातून कोकणीत त्याचा उद्धार करत होती. शब्द नीट कळत नव्हते, चाल अगदी माझीच होती. एक गडी पावसाळ्यात भिंतीवर धरलेलं शेवाळ खरवडत होता, पलीकडच्या घराला निळा रंग चढत होता. पाऊस सरला की इथली घरं रंगवून घेतात.

मी घड्याळ पाहिलं तेव्हा पावणेआठ वाजले होते. पावणेदोन तास मी काहीही केलं नव्हतं आणि डोक्यात यादीही आली नव्हती. समोर सगळी कामंच चालली होती. पाव आणणं, बूट शोधणं, केर काढणं, पाणी भरणं. मात्र त्यातलं एकही माझ्या वाट्याचं नव्हतं. बूट सापडला नाही तरी मला कुणी विचारणार नव्हतं. कामाचा आवाज कानांवर पडतोय आणि हात मांडीवर आहेत, असं माझ्या आयुष्यात त्याआधी कधी झालं होतं? बहुधा माहेरी, लग्नाआधी.

मग मी आपण होऊन म्हटलं, चल, जरा चालून येऊ. लेकीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

आम्ही हिंडलो ते यादी न घेता. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या पाहिल्या, कौलांच्या टोकावर बसवलेले चिनीमातीचे कोंबडे पाहिले, निळ्या फरश्यांवर लिहिलेले घरांचे नंबर वाचले. होय, मी पाट्या वाचल्या. एका वळणावर मी फोन वर केला तशी दारातल्या म्हातारबाई म्हणाल्या, "फोटो काडूं नाकात." आवाज चढलेला नव्हता, कंटाळलेला होता. मला शरम वाटली. सकाळपासून मी ज्या गल्लीच्या जिवावर सुखात होते, तिथे माणसं राहतात हे मीच विसरले होते. त्याच दुपारी एका घराच्या पायरीवर लग्नाआधीचे फोटो काढणारं जोडपं, मागे छत्र्या आणि आरसे धरणारे चौघे. आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट नव्हती. आमच्या दाराशी असं कुणी केलं असतं, तर मी बादलीभर पाणी ओतलं असतं.

घरमालकीणबाई ऐंशीच्या. मी त्यांना काकी म्हणू लागले. एकादशी म्हणून त्यांनी वर रताळी पाठवली आणि दुपारी बोलायला बसल्या. "खंयच्यान आयल्यात?" मी कोल्हापूर म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, मी नसते तर आज आपण एकाच राज्यात असतो.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा? विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. काकी नव्याने लग्न होऊन आलेल्या, पहिलंच मत. घरात सगळे फुलाचे. नवऱ्याने बजावून पाठवलं होतं. काकींनी आत जाऊन दोन पानांवर शिक्का मारला आणि बाहेर येऊन पदर सावरला. का, असं मी विचारलं. म्हणाल्या, सासर झालं होतं तेवढं पुरे होतं, आणखी एक मोठं घर कशाला? नवरा जाईपर्यंत त्यांनी त्याला सांगितलं नाही. दोन पानं सुमारे चौतीस हजार मतांनी जिंकली.

चोवीस वर्षं शिकवते मी. गोवा मुक्ती, १९ डिसेंबर १९६१, तीन ओळी, दोन गुण. जनमत कौलाबद्दल एखाद्या हुशार पोराने विचारलं तर "परीक्षेला नाही" असं सांगितलेलं मला आठवतं. आणि मिरामारला वाळूवर जाताना ज्या समाधीला वळसा घातला, ती भाऊसाहेब बांदोडकरांची, गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांची. त्यांना विलीनीकरण हवं होतं. ते हरले आणि तरी लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. संध्याकाळी मी तिथे थांबले. बसस्टॉपकडे जाताना '१८ जून रस्ता' अशी पाटी दिसली आणि लेक म्हणाली, "हे काय गं, कुणाचा वाढदिवस?" १८ जून १९४६, मडगाव, राममनोहर लोहियांची सभा. उत्तर माझ्या तोंडून फटकन आलं. ही तारीख एखाद्या रस्त्यावर राहते, त्यावर चपलांची दुकानं असतात, हे मात्र मला नवीन होतं.

समुद्र मी टाकला नाही, हेही सांगून टाकते. दोन्ही संध्याकाळी मिरामारला गेले आणि दुसऱ्या दिवशी वाळूवर बसणं निराळंच झालं. दिवसभर ऐकलेलं, बघितलेलं डोक्यात होतं, त्यामुळे घराला बोलायला जागाच उरली नाही. बूट सापडला असेल का, असला विचार करत मी लाटा बघत होते. नुसती गल्ली असती तर पाय बोलले असते, नुसती वाळू असती तर सिलिंडर बोलला असता. दुपारी मात्र हिंडण्याचा शहाणपणा करू नये. एक ते चार पणजी झोपते, दुकानांची फळ्यांची दारं लागतात, तेव्हा आपणही झोपावं. आणि रात्री मांडवीत उभ्या असलेल्या जुगाराच्या बोटींचा तो लखलखाट मला आवडला नाही, आवडणारही नाही.

द्वादशीला काकींच्या अंगणात तुळशीचं लग्न. तिकडे त्याला व्हडली दिवाळी म्हणतात. वृंदावनाला चुना, बाजूला ऊस आणि दिंड्याची काठी, त्याला आवळे-चिंचा बांधलेल्या. मी सवयीने पदर खोचून उठले. काकींच्या सुनेने मला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, "तुम्ही बसा." मी बसले. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, पोरांनी फटाके लावले, हातावर गोड पोहे आले. कुठलं ताट कमी पडलं, कापूर कुठे ठेवला, भटजी का उशिरा आले, यातलं काहीच मला माहीत असण्याची गरज नव्हती. मी अक्षता टाकल्या. डोळे भरून आले, ते धुराने असं लेकीला सांगितलं.

कोल्हापूरला परतल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तुळशीचं लग्न चुकवून काय बघितलंस एवढं?" "तुळशीचंच लग्न," मी म्हटलं. आमचं आम्ही पौर्णिमेला लावलं. ऊस ह्यांनी आणला.

या वर्षी डिसेंबरात पुन्हा तीन रात्री जाणार आहे, ८ तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त असतं, ते धरून. खोली काकींचीच घेतली आहे.