सर्जापूर रोडवर फोनचा आवाज बसला तर...

सर्जापूर रोडवर नव्यानं राहायला आलेल्या माणसाला कन्नड येवो न येवो, एक शब्द पहिल्या आठवड्यातच कानावर पडतो : ‘केळिस्तिल्ला’. म्हणजे ‘ऐकू येत नाही’. कॅबवाला म्हणतो, डिलिव्हरी घेऊन आलेला मुलगा म्हणतो, गेटवरचा सुरक्षारक्षक म्हणतो. आपल्या मराठी कानाला आधी त्यात केळंच ऐकू येतं, हा भाग वेगळा!

बहुतेक वेळा दोष रस्त्यावरच्या गोंगाटाचा असतो. पण कधी कधी खरंच आपल्या फोनचा माइक बंद पडलेला असतो. समोरचा आपल्याला स्वच्छ ऐकू येतो, आपण मात्र त्याच्यासाठी मुके. कॅब निघून जाते, जेवण दुसऱ्याच टॉवरला पोचतं, हे एकवेळ चालेल. पण तिकडे कोल्हापूर-सांगलीकडे आजी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत बसते आणि घाबरते. इथली मराठी मुलं शाळेत कन्नड आणि इंग्रजी बोलतात, खाली खेळताना हिंदी. घराबाहेरची मराठी त्यांच्या वाट्याला येते ती बरीचशी आजीच्या फोनमधूनच. म्हणून हा छोटासा बिघाड छोटा समजू नका. चला, या रस्त्यानं एक फेरफटका मारू आणि जाता जाता माइकही तपासू.

सुरुवात कोरमंगलाकडून करू. डावी-उजवीकडची दुकानं मागे टाकत आपण आगरा तलावापाशी येतो. तिथून इब्लूरपर्यंत सर्जापूर रोड आणि आउटर रिंग रोड एकच होऊन धावतात. धावतात म्हणायचं, खरं तर रांगतात! इब्लूर जंक्शनला आपला रस्ता वेगळा होऊन सर्जापूरची दिशा धरतो. बसचे हॉर्न, रिक्षा, बांधकामाची धूळ, सगळं इथे एकदम अंगावर येतं. इथे उभं राहून माइक बिघडला की नाही हे ठरवू नका. मात्र पहिला संशयित इथेच भेटतो, तो म्हणजे धूळ.

फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ टाचणीच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. त्याच्या आत काही मिलिमीटरचा माइक बसलेला असतो. त्यातला नाजूक पडदा आपल्या आवाजानं थरथरतो आणि त्या थरथरीचे विजेचे संकेत होतात. छिद्रात धूळ, खिशातला कापूस, पिठाचे कण बसले की आवाज आधी दबका होतो, मग जवळजवळ नाहीसा. कधी कधी नवं कव्हरही नेमकं त्या छिद्रावर येतं. म्हणून आधी कव्हर काढून पाहा.

आणखी थोडं पुढे गेलं की कैकोंड्रहळ्ळीचं तळं लागतं. आसपासच्या रहिवाशांनी महापालिकेच्या साथीनं हे तळं पुन्हा जिवंत केलं. सकाळी इथे फिरणारी माणसं, पाणपक्षी आणि बऱ्यापैकी शांतता असते. तपासणीला जागा उत्तम! बाकावर बसा आणि तीन गोष्टी करा.

पहिली, फोनमधल्या रेकॉर्डरवर दहा-वीस सेकंद बोला आणि ऐका. दुसरी, कॅमेऱ्यानं छोटा व्हिडिओ काढा आणि त्यातला आवाज ऐका. तिसरी, घरच्या कुणाला फोन लावा. आधी साधं बोला, मग स्पीकर सुरू करून बोला. असं का? कारण बहुतेक फोनमध्ये एकाहून जास्त माइक असतात. साध्या कॉलला मुख्यतः खालचा लागतो, तर व्हिडिओ आणि स्पीकरसाठी बरेचदा वरचा किंवा कॅमेऱ्याजवळचा. व्हिडिओत आवाज स्वच्छ आणि कॉलमध्ये नाही, तर संशय खालच्या माइकवर. रेकॉर्डर ठीक, फक्त एकाच अ‍ॅपमध्ये गप्प, तर दोष त्या अ‍ॅपच्या परवानगीचा. कुठेच काही नाही, तर आधी फोन बंद करून पुन्हा सुरू करा.

खालचा माइक दबका वाटला, तर कोरडा, मऊ, नवा टूथब्रश छिद्रावरून हलक्या हातानं फिरवा. पिन, सुई, टाचणी मुळीच नको. सिमचा ट्रे उघडायची पिन तर हमखास घात करते, कारण ट्रेचं छिद्र आणि माइकचं छिद्र दिसायला सारखीच असतात. खूण लक्षात ठेवा : सिमच्या छिद्राभोवती ट्रेची बारीक रेघ दिसते, माइकचं छिद्र एकटंच असतं.

तळं सोडून निघालं की दोड्डकन्नेल्लीला विप्रोचं मुख्य कार्यालय आणि रस्त्याच्या आजूबाजूला एकामागून एक गृहसंकुलं. इथे जवळपास प्रत्येकाच्या कानात किंवा बॅगेत बिनतारी इअरफोन. दुसरा संशयित हाच! इअरफोन डबीतून अर्धवट बाहेर राहिले, किंवा कॉल गाडीच्या स्पीकरला जोडला गेला, तर फोन तुमचा आवाज तिथून ऐकू पाहतो. म्हणून ब्लूटूथ बंद करून एकदा कॉल लावा.

तिसरा संशयित सेटिंगमध्ये लपलेला असतो. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत माइक बंद करायचं बटण ठेवता येतं. मुलांच्या हातात फोन गेला की ते कधी दाबलं गेलं, कळतही नाही. अ‍ॅप माइक वापरत असलं, की अँड्रॉइडवर वर कोपऱ्यात हिरवी खूण आणि आयफोनवर नारिंगी ठिपका दिसतो. नुकतंच एखादं नवं अ‍ॅप घेतलं असेल आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल, तर ते काढून पाहा.

आता पावसाचं. सप्टेंबर २०२२ मध्ये या भागात इतकं पाणी भरलं, की काही वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर आणि बोटींनी बाहेर काढावं लागलं. एरवीही इथला संध्याकाळचा पाऊस दुचाकीवाल्याचा खिसा भिजवून जातो. भिजलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. पुसा, खाचा खाली करून हवेशीर जागी ठेवा आणि वाळू द्या. हेअर ड्रायर नको आणि तांदळाचा डबाही नको. तांदळाचे कण आत जातात. पाणी पूर्ण वाळलं की कित्येकदा आवाज आपोआप परत येतो.

एवढं करूनही फोन गप्पच असेल, तर दुरुस्ती. रस्त्याकडेला मोबाइल दुरुस्तीची दुकानं भरपूर आहेत, पण आधी वॉरंटी पाहा. फोटो आणि संपर्क दुसरीकडे साठवा, सिम काढून घ्या. दुकानदाराला नुसतं ‘माइक गेला’ म्हणू नका; कोणत्या तपासणीत आवाज आला आणि कोणत्या नाही, ते सांगा. अनेक फोनमध्ये खालचा माइक आणि चार्जिंगची खाच एकाच छोट्या पट्टीवर असतात. चार्जिंगही कुरकुरत असेल तर तेही सांगा, काम एकदाच होईल. खर्च आधी विचारा, जुना भाग परत मागा आणि दुकानातच कॉल लावून खात्री करा.

दुरुस्ती होईपर्यंतही मुकं राहायचं कारण नाही. माइक असलेला साधा वायरचा इअरफोन लावा. त्याचा माइक वेगळा असतो, त्यामुळे अनेकदा काम चालतं. असा एक इअरफोन घरात ठेवाच, विशेषतः घरी वृद्ध किंवा आजारी कुणी असेल तर. रात्री ११२ ला फोन लावावा लागला आणि पलीकडच्याला आपला पत्ताच ऐकू गेला नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये.

पुढे दोम्मसंद्र मागे पडतं आणि रस्ता आपलं नाव ज्या गावावरून आलं, त्या सर्जापूरला पोचतो. आनेकल तालुक्यातलं हे जुनं विणकरांचं गाव. इथे आलात की एक काम करा. आजीला फोन लावा, हॅलो म्हणा आणि मग फोन नातवंडांच्या हातात द्या. आज काय जेवलात, हे मराठीत सांगायला त्यांना दोन मिनिटं तरी लागतील. तेवढ्यात माइकची शेवटची तपासणीही होऊन जाईल.