अधिक-उणे पाच

बँकेतल्या माणसाचा दशांशचिन्हानंतरच्या दोन आकड्यांवर जितका विश्वास असतो तितका तो देवावरही ठेवत नाही. देव नवसाला पावला तर पावला, पण संध्याकाळी कॅश टॅली झालीच पाहिजे. मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो तेव्हा जाडजूड लेजरांचे शेवटचे दिवस चालले होते. ट्रायल बॅलन्समध्ये सत्तावीस पैशांचा फरक आला म्हणून पाच कर्ती माणसं रात्री दहापर्यंत माना मोडून बसलेली मी पाहिली आहेत. चहा-भज्यांवर सत्तर रुपये खर्च झाले, पण "मी देतो खिशातले सत्तावीस पैसे" म्हणणाऱ्या शिपायाकडे साहेबांनी अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं जणू तिजोरीच फोडायला सुचवलं होतं. फरकाला नऊनं भाग जातो का ते आधी बघायचं, गेला तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, हा आमच्यातला पिढीजात ठोकताळा. शेवटी एका ठिकाणी 85 चे 58 सापडले आणि सगळे घरी गेले.

आणि नसतं सापडलं तर? त्यासाठी बँकेत 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. ज्या रकमेचं गोत्र कळत नाही ती तिथे टाकायची. थोडक्यात, आम्ही संशय बाळगतो, पण त्याला वेगळ्या खोलीत कोंडून ठेवतो. बाकी सगळं घर स्वच्छ!

त्यातून मी धाटावचा, म्हणजे रोहा तालुक्याचा. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तेव्हापासून आमच्याकडे हिशेब म्हणजे घरचं कार्य.

अशा या सोवळ्या वातावरणात माझा भाचा येऊन बसतो. तो पुण्यात कॉम्प्युटरवर संशोधन करतो. कशावर, असं विचारलं तर म्हणाला, "मोजमापातल्या अनिश्चिततेवर."

"म्हणजे नक्की काय?"

"मामा, 'नक्की' हाच तर वांधा आहे."

त्याचं म्हणणं असं. शास्त्रज्ञ काहीही मोजतो, तापमान म्हणा, वजन म्हणा, ताऱ्याचं अंतर म्हणा. त्यात थोडा संशय असतोच. म्हणून तो आकड्यापुढे अधिक-उणे लिहितो. पण हा आकडा एकदा कॉम्प्युटरच्या पोटात गेला की अधिक-उणे दाराबाहेर राहतं. आत कोटी-कोटी गुणाकार-भागाकार होतात आणि बाहेर पंधरा आकडी उत्तर पडतं. त्यातले खरे तीन, उरलेले बारा नुसते वऱ्हाडी. तर प्रत्येक आकड्यानं आपला संशय आपल्याच पाठीवर घेऊन शेवटपर्यंत चालावं, अशी व्यवस्था करायची, हे त्याचं काम.

मी म्हटलं, "उदाहरण दे." कॉमर्सच्या माणसाला उदाहरणाशिवाय घास उतरत नाही.

"तुमच्याकडे कर्जाला प्लॉट येतो. तीस बाय चाळीस. क्षेत्रफळ?"

"बाराशे."

"टेपनं मोजलंय ना? अर्धा फूट इकडेतिकडे धरा. साडेएकोणतीस गुणिले साडेएकोणचाळीस, आणि साडेतीस गुणिले साडेचाळीस. म्हणजे 1165 पासून 1235 पर्यंत कुठेही. सत्तर फुटांचा फरक!"

सत्तर चौरस फुटांत आमच्याकडे एक अख्खं स्वयंपाकघर बसतं. भाऊबंदकी तर सात फुटांवरही बसते. या हिशेबाला ते लोक 'इंटरव्हल' म्हणजे पट्ट्याचं गणित म्हणतात. रेमन मूर नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं त्यावर 1966 साली पुस्तकच लिहिलं. एक आकडा द्यायचाच नाही, दोन टोकं द्यायची आणि उत्तर मध्ये कुठेतरी आहे याची हमी द्यायची. सरकारी आश्वासनासारखंच, फक्त हमी खरी.

पण यातही गोम आहे. समजा खात्यात 9 ते 11 रुपये आहेत. (आमच्या बँकेत अशी खाती नसतात, समजा म्हटलंय.) ते सगळे काढून घेतले, तर शिल्लक किती? शून्य, असं तुम्ही-मी म्हणू. पट्ट्याचं गणित म्हणतं, उणे 2 ते अधिक 2! कारण आत होते ते आणि बाहेर काढले ते एकच पैसे, हे त्या गणिताला कळत नाही. ते दोन्हींवर वेगवेगळा संशय घेतं. मग कुठला संशय कुठल्या मोजमापातून जन्मला याची वंशावळ सांभाळायची, म्हणजे एकाच घरातले संशय एकमेकांना खोडू शकतात. भाच्याचा बराचसा दिवस या वंशावळीत जातो. घरात त्याला 'भटजी' म्हणतात ते उगाच नाही.

आणि मोजमाप सोडा, कॉम्प्युटरला साधे दहा पैसेसुद्धा धड लिहिता येत नाहीत. त्याला फक्त शून्य आणि एक येतात, त्यात 0.1 लिहायला गेलं की आपल्याकडच्या एक तृतीयांशासारखी न संपणारी रांग लागते. कुठेतरी तोडावी लागते. 0.1 मध्ये 0.2 मिळवले तर कित्येक यंत्रं 0.30000000000000004 असं उत्तर देतात. हा शेवटचा चार बघून मला त्या रात्रीच्या सत्तावीस पैशांची आठवण झाली. अर्ध्यावर अडलेला आकडा जवळच्या सम आकड्याकडे ढकलायची रीत आहे, ती 1985 साली कॉम्प्युटरवाल्यांनी प्रमाण म्हणून घेतली. तिला म्हणे 'बँकरचं राउंडिंग' म्हणतात. मी वीस वर्षं बँकेत आहे. असं राउंडिंग करणारा बँकर मी पाहिलेला नाही. आमच्यात पन्नास पैसे झाले की वरचा रुपया.

कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं 1982 साली 1000 वर नवा निर्देशांक सुरू केला. दिवसातून हजारो वेळा तो नव्यानं मांडला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशापुढचे आकडे सरळ कापून टाकले जात. राउंड नव्हे, कापून! नोव्हेंबर 1983 पर्यंत निर्देशांक 524 च्या आसपास घसरला. हिशेब नीट केल्यावर निघाला 1098 च्या पुढे. बाजार जागेवरच होता, नुसत्या कात्रीनं निम्मा झाला होता. ही गोष्ट मी आमच्या शाखेत सांगितली तेव्हा हेड कॅशियर दोन मिनिटं उभे राहिले.

दुसरी गोष्ट मात्र मी शाखेत सांगितली नाही. 25 फेब्रुवारी 1991, सौदी अरेबियातलं धाहरान. शत्रूचं क्षेपणास्त्र अडवणाऱ्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होतं, म्हणजे तेच ते 0.1. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती. तेवढ्या वेळात तुटक्या रांगेचा फरक साठत साठत सेकंदाचा एक तृतीयांश झाला. यंत्रणेनं क्षेपणास्त्र चुकीच्या जागी शोधलं. अठ्ठावीस सैनिक मेले.

त्या दिवशी जेवताना मी भाच्याशी फारसा वाद घातला नाही.

वाद झाला तो पावसावरून. हवामान खात्यानं 2025 च्या एप्रिलमध्ये सांगितलं, यंदा सरासरीच्या 105 टक्के पाऊस, अधिक-उणे 5. मी म्हटलं, "हे काय सांगणं झालं? मी ग्राहकाला शिल्लक पाच हजार, अधिक-उणे अडीचशे असं सांगितलं तर?" त्यावर्षी 108 टक्के पडला आणि भाचा महिनाभर दिसेल त्याला 108 सांगत सुटला, जणू त्यानंच पाडला होता.

पण अधिक-उणे न लिहून चालत नाही, हे हवामानवाल्यांना फार पूर्वी कळलं होतं. 1961 साली एडवर्ड लोरेन्झ यांनी अमेरिकेत हवेचं गणित पुन्हा चालवताना 0.506127 ऐवजी कागदावर छापलेले 0.506 घातले. फरक रुपयात सांगायचा तर पैशाचा ऐंशीवा भाग. कॉफी पिऊन तासाभरानं परत येतात तो पुढच्या महिन्यांचं हवामान पार वेगळं! म्हणून पुण्याला पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 2018 पासून वेगळी तऱ्हा धरली. महासंगणकावर अंदाज एकदा न मांडता, सुरुवातीचे आकडे किंचित हलवून एकवीस वेळा मांडायचा. एकवीसही एका सुरात बोलले तर विश्वास ठेवायचा. भांडायला लागले तर भांडण केवढं, तेही लोकांना सांगायचं.

आमची आई कुंडलिकेच्या अंगाला, जुन्या घरात एकटी राहते. एका जुलैत रायगडला लाल इशारा आला. लाल म्हणजे चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर; हा .4 वाचून मला हवामान खात्याबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. भाचा नेमका इथे होता. त्यानं कुठूनतरी आकडे काढले. सगळ्यात कमी 90, सगळ्यात जास्त 280.

"सरासरी काढ," मी म्हटलं.

"मामा, सरासरीच्या पावसात आजीला काही होत नाही. पण सरासरी पाऊस पडणार नाहीये. यातला कुठला तरी एक पडणार आहे."

आई तयार नव्हती. तिनं भिंतीवरची कोळशाची रेघ दाखवली. "पाणी फार तर इथवर येतं. तुमच्या कॉम्प्युटरला विचारून नाही मारली मी रेघ." रेघ चांगली बोटभर जाड होती. भाचा तिच्याकडे गुरूकडे बघावं तसा बघत राहिला. मग त्यानं आजीची लोणच्याची बरणी उचलून रिक्षात ठेवली. बरणी गेल्यावर आई आपोआप गेली.

रात्रभर पत्रा वाजत होता. सकाळी शेजाऱ्यांनी सांगितलं, पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. दूधवाला म्हणाला, तिसऱ्या. "उगाच हलवलंत मला," आई दुपारपर्यंत म्हणत होती. भाच्यानं वही काढून लिहिलं, अडीच पायऱ्या, अधिक-उणे अर्धी. आमच्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत आणि एकीची उंची दुसरीला जुळत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.